गोली आधी शोधा: महाविद्यालयीन हॉकीच्या निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचे संचालक, महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालक आणि हॉकी निवड समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

आंतरमहाविद्यालयीन हॉकीच्या निवड चाचणीची सूचना यंदाही आली. स्टिक, शिनगार्ड, ओळखपत्र आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन सकाळी आठ वाजता मैदानावर हजर राहावे, एवढाच मजकूर. गोलरक्षकाचा उल्लेख कुठेही नाही. त्याने किट आणायचे की तिथे मिळणार, त्याची चाचणी किती वाजता, ती घेणार कोण, यातले काहीच त्या कागदावर नाही.

आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळांच्या आणि क्लबच्या मैदानांवर चौदा ते एकोणीस वयाच्या गोलरक्षकांना शिकवतो. आमच्याकडे तयार झालेली मुले-मुली बारावीनंतर आपल्याकडे येतात आणि त्यातली बरीच पहिल्याच वर्षात पॅड काढून ठेवतात. आतापर्यंत हे आम्ही आपसांत बोलत आलो. आता आपल्याला सांगतो आहोत, आणि पालकांनी व खेळाडूंनीही वाचावे म्हणून जाहीर सांगतो आहोत.

आमचे म्हणणे एवढेच आहे की महाविद्यालयीन संघाचा गोलरक्षक चाचणीच्या दिवशी निवडता येत नाही. तो अकरावी-बारावीत असतानाच हेरावा लागतो, सामन्यात दोन-चार वेळा पाहावा लागतो, आणि पाहणाऱ्याला काय पाहायचे ते माहीत असावे लागते.

सध्याची चाचणी कशी होते ते मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी फॉरवर्ड, मग हाफ, मग डिफेन्स. सगळ्यांचे ड्रिबलिंग, पासिंग, सराव सामना. ऊन चढल्यावर कोणीतरी विचारते, ‘गोली कोण कोण आहेत?’ तीन हात वर होतात. स्टोअरमधून एक किट येते आणि तेच तिघांनी आळीपाळीने घालायचे. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाला दहा फॉरवर्ड रांग लावतात आणि दर दोन-तीन सेकंदांनी एकेक जण फटका मारतो. पंधरा मिनिटांत तिघांचाही निकाल लागतो.

या रांगेत गोलरक्षणाचे जवळजवळ काहीच तपासले जात नाही. सामन्यात चेंडू २३ मीटर रेषेवरून आत येतो तेव्हा गोलरक्षक चेंडूबरोबर छोट्या पावलांनी कमानीसारखा सरकतो, कोन कमी करतो, थांबतो, मग फटका घेतो. रांगेतल्या माऱ्यात त्याला सरकायला वेळच मिळत नाही. पहिला चेंडू अडवून तो उठेपर्यंत दुसरा सुटलेला असतो. त्यात दिसतो तो त्याचा दम, आणि तोही निम्माच. रिबाउंडला कोणी धावत नाही, त्यामुळे अडवलेला चेंडू पुन्हा डीच्या मधोमध गेला तरी तो ‘सेव्ह’ धरला जातो. प्रत्यक्ष सामन्यात तो गोल असतो.

तीस फटके पुरतात, पण ते वेगवेगळे हवेत आणि दोन फटक्यांत किमान वीस सेकंदांचे अंतर हवे. दहा डीच्या टोकावरून जमिनीलगत, दहा दोन्ही बाजूंच्या अरुंद कोनांतून, दहा डिफ्लेक्शन, म्हणजे गोलजवळ उभ्या खेळाडूने दिशा बदललेले. प्रत्येक फटक्याला एक फॉरवर्ड रिबाउंडसाठी धावलाच पाहिजे. त्यानंतर दहा पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलरेषेवरून डीबाहेर ढकललेल्या चेंडूवर घेतलेले फटके: पाच सरळ हिटचे, पाच ड्रॅग फ्लिकचे (चेंडू स्टिकने ओढत फेकलेले), समोर पूर्ण बचाव फळी उभी करून. मग शूटआऊटच्या नियमाने एकास एक, २३ मीटर रेषेवरून आठ सेकंदांत, पाच वेळा. शेवटी सराव सामना, त्यात मध्यंतराला गोलरक्षकांची अदलाबदल, म्हणजे दोघांच्याही वाट्याला दोन्ही बाजूंचे आक्रमण येते. एका गोलरक्षकाला हे सगळे मिळून दीड तास लागतो. अठरा जणांच्या संघात ज्याची जागा क्वचितच बदलली जाते त्याच्यासाठी दीड तास जास्त नाही.

पेनल्टी कॉर्नर तर चाचणीतून बहुधा गायबच असतो, आणि महाविद्यालयीन सामन्यांचे निकाल तिथेच फिरतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू डीच्या टोकापासून गोलपर्यंतचे १४ मीटर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. एवढ्या वेळात विचार होत नाही, सवय काम करते. पुश सुटताच गोलरक्षक किती पावले पुढे आला, फटक्याच्या क्षणी तो स्थिर होता की अजून चालत होता, बचाव फळीतून चेंडूकडे धावणारा पहिला रनर त्याच्या नजरेच्या आड आला का, आणि आडवे पडायचे की उभे राहायचे हे त्याने फ्लिकरच्या हालचालीवरून ठरवले की पाठ केल्यासारखे दर वेळी तेच केले, हे पाहा. जो दर वेळी पडतो, त्याच्यावरून वर फ्लिक मारणे दुसऱ्याच कॉर्नरला प्रतिस्पर्ध्याच्या लक्षात येते.

उंचीबद्दल. ‘गोली उंच पाहिजे’ हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी ऐकले आहे की मुलेही ते खरे मानू लागली आहेत. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, म्हणजे बारा फूट बाय सात फूट. त्यात पेनल्टी कॉर्नरचा पहिला फटका हिटने मारला असेल तर गोलरेषा ओलांडताना तो ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे फळीच्या उंचीच्या वर असून चालत नाही. महाविद्यालयीन स्तरावर गोल होतात ते बहुतेक गुडघ्याखालून: रिबाउंड, डिफ्लेक्शन, दोन पॅडमधली फट. उंचीचा फ्लिक आणि पेनल्टी स्ट्रोकला उपयोग नक्की होतो. पण पाच फूट पाच इंचांची, झपाट्याने पाय टाकणारी मुलगी नाकारून केवळ उंच म्हणून बास्केटबॉलच्या चाचणीतून आणलेली मुलगी गोलमध्ये उभी करणे हा दोघींवरही अन्याय आहे.

दुसरा चुकीचा मापदंड म्हणजे खाल्लेले गोल. तगड्या शाळेच्या गोलरक्षकाकडे सामन्यात तीन फटके येतात, एक आत जातो. दुबळ्या शाळेच्या गोलरक्षकाकडे वीस येतात, चार आत जातात. गुणपत्रकावर पहिला चांगला दिसतो. हिशोब केला तर पहिल्याने तीनातले दोन अडवले, दुसऱ्याने पाचातले चार. खेळाडू म्हणून आपल्याला हवा तो दुसरा, कारण सोळा फटके त्याने बचावाशिवाय एकट्याने अडवले आहेत. आपल्या पाहणीसाठी एक साधी वही पुरते. रकाने तीनच: फटका कुठून आला, अडवला की नाही, अडवल्यावर चेंडू कुठे गेला. साइडलाइनकडे गेला तर बरोबर, पुन्हा डीत गेला तर खूण करा. चार सामन्यांची अशी वही आम्हाला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगते.

हे पाहायला गोलच्या मागे, थोडे बाजूला उभे राहावे लागते. मांडवात मध्यरेषेवर बसून गोलरक्षक दिसत नाही, फक्त गोल झाला की नाही एवढे दिसते. मागून पाहिले की कळते: वजन चवड्यांवर आहे की टाचांवर, हात शरीरापुढे आहेत की मांड्यांशी लटकलेत, चेंडू दुसऱ्या २३ मीटरमध्ये असताना तो काय करतो. आणि आवाज. चांगला गोली चेंडू आपल्या अर्ध्यात येण्याआधी बोलू लागतो, नाव घेऊन बोलतो. ‘बघ बघ, आला आला’ ही ओरड कामाची नाही. ‘सचिन, डावा तुझा’ ही सूचना कामाची आहे. गोल खाल्ल्यानंतरची तीन मिनिटे मुद्दाम पाहा. तेव्हा तो गप्प झाला तर त्याच्यावर काम करावे लागेल, नाकारण्याचे मात्र कारण नाही. सतरा-अठराव्या वर्षी बहुतेक गप्प होतात.

सामन्याला जाणे शक्य नसेल तर फोनवरचे चित्रण मागवा, पण ‘बेस्ट सेव्ह’ जोडलेली चित्रफीत नको. त्यात प्रत्येक जण उत्तमच दिसतो. दोन पूर्ण सामने मागवा, आणि वेगळे सांगा की खाल्लेले सगळे गोल पाठव. चुका कोणत्या आहेत, त्या सुधारण्यासारख्या आहेत का, हे तिथेच कळते. पाय झोकून किक मारण्याची सवय तीन महिन्यांत जाते. फटका येताच मान फिरवण्याची सवय जायला वर्ष लागते.

टर्फचा, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाचा, मुद्दा खास ग्रामीण मुलांसाठी. पिंपरीच्या नेहरूनगरचे, चर्चगेटचे किंवा बालेवाडीचे टर्फ सर्वांच्या वाट्याला येत नाही. मुरूम आणि गवतावर शिकलेला गोली उभा राहून खेळतो, कारण मुरुमावर घसरायला गेले की पॅडचे कापड फाटते आणि कोपर सोलते. चेंडू तिथे उडतो, म्हणून त्याचे हात थोडे वर असतात. हाच मुलगा पहिल्यांदा ओल्या टर्फवर उतरला की चेंडू त्याच्या अंदाजाआधी, जमिनीला चिकटून येतो आणि पहिले पाच-सहा पायाखालून जातात. निवड समिती तेवढ्यावर काट मारते. त्याला आदल्या दिवशी एक तास टर्फवर सोडा, दोन-चार वेळा घसरून पाहू द्या, आणि मग मोजा. मुरुमावर तयार झालेल्या मुलाची नजर आणि पाय अनेकदा जास्त चपळ असतात, कारण तिथे प्रत्येक टप्पा वेगळा पडतो.

आता किट. आमची सर्वांत मोठी तक्रार इथे आहे.

एका चाचणीत मुलीला दिलेल्या उजव्या किकरचा, म्हणजे बुटावर बांधायच्या संरक्षक आवरणाचा, तळपट्टा तुटलेला होता. तो सुतळीने बांधला होता. सुतळी बुटाखालून घेऊन वर दोन गाठी. ओल्या टर्फवर ती दहा मिनिटांत घासून तुटली, किकर पायावर फिरला आणि पुढचा चेंडू घोट्यावर बसला. तिच्या कागदावर शेरा पडला: ‘पाय मंद’. पॅड तिच्या मापापेक्षा मोठे होते, गुडघ्याच्या बरेच वर येत होते आणि चालताना एकमेकांवर आपटत होते. असे पॅड बांधून कोणाचेच पाय जलद चालणार नाहीत.

गोलरक्षकाचे किट म्हणजे पॅड आणि किकर एवढेच नव्हे. हेल्मेट, गळ्याचे गार्ड, चेस्ट गार्ड, कोपराचे गार्ड, डाव्या हाताचा सपाट आणि उजव्या हाताचा स्टिक धरता येणारा हँड प्रोटेक्टर, ॲब्डोमेन गार्ड, जाड अस्तराची शॉर्ट. मुलींसाठी छातीचे आणि ओटीपोटाचे गार्ड वेगळ्या घडणीचे लागते. मुलांचे घट्ट आवळून भागत नाही. क्रिकेटचे हेल्मेट तर अजिबात चालवू नका, त्यात गळा उघडा राहतो. १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक चेंडू गळ्यावर बसला तर काय होते, हे कोणाला पाहायला लागू नये.

स्टोअरमधले किट वापरण्याजोगे आहे का, हे तपासायला दहा मिनिटे लागतात. पॅडच्या पुढच्या फोमवर अंगठा दाबा. खळगा भरून आला नाही तर फोम मेला आहे. जिवंत फोमवर आदळलेला चेंडू उसळून दूर जातो, मेलेल्यावर आदळलेला पायाशीच पडतो आणि समोरचा फॉरवर्ड तो उचलतो. पट्टे, बकल, किकर आणि पॅड यांच्यामधली फट, हेल्मेटच्या जाळीचे स्क्रू, आतली गादी, सगळे हात लावून पाहा. वापरानंतर किट सावलीत, वाऱ्यावर वाळवा. पत्र्याच्या कपाटात ओले कोंबले की पावसाळ्यात बुरशी धरते आणि उन्हाळ्यात चिकटवलेले थर सुटतात. महाग किट अशाने एका वर्षात जाते.

परदेशी बनावटीचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो. तो आम्ही मागत नाही. जालंधर-मेरठचे चांगले फोम किट महाविद्यालयीन खेळाला पुरते. पण ते दोन मापांत हवे, आणि खेळाडूच्या नावावर हंगामभर हवे. सामन्याच्या सकाळी पहिल्यांदा बांधलेल्या पॅडमध्ये कोणीही आपला नेहमीचा खेळ करू शकत नाही. ही बॅग दहा किलोच्या वर जाते, हेही लक्षात ठेवा. भारतीय महिला संघाची गोलरक्षक सविता पुनिया हरियाणातल्या जोधकां गावाहून सिरसाला सरावासाठी बसने हेच ओझे घेऊन जात असे. आपल्याकडच्या मुलीही ते एसटीत घेऊन चढतात आणि वाहकाशी हुज्जत घालत प्रवास करतात. मैदानावर कुलूप लागणारी एक पेटी मिळाली, तर त्यांचे दिवसाचे दोन तास आणि पाठ वाचेल.

पुढचा मुद्दा आश्वासनांचा. चांगला ज्युनियर गोली दिसला की प्रवेशाच्या महिन्यात त्याच्या घरी फोन जातात. फी माफ होईल, वसतिगृह मिळेल, किट मिळेल. सगळे तोंडी. ऑगस्टमध्ये पावती फाडायची वेळ येते तेव्हा फोन करणाऱ्याची बदली झालेली असते. यापेक्षा मोठी फसवणूक मात्र न सांगितलेल्या गोष्टीची असते: संघात एस.वाय.चा एक पक्का गोली आधीच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. फॉरवर्ड सामन्यात दहा वेळा आत-बाहेर होतात, त्यामुळे नव्यालाही मैदान मिळते. गोलची जागा एकच. तिथे दुसऱ्या क्रमांकावर दोन वर्षे बसलेला मुलगा टायमिंग हरवतो, मग हुरूप. अशा वेळी त्याला दुसऱ्या महाविद्यालयात जाऊ देणे प्रामाणिकपणाचे. घ्यायचाच असेल तर लिहून द्या की साखळीतले किमान इतके सामने तू खेळशील. आपण एक वर्षाआड एक गोली घेतला, म्हणजे टी.वाय.चा एक आणि एफ.वाय.चा एक असा जोड ठेवला, तर हा प्रश्नच उरत नाही. मोठा लहानाला शिकवतोही.

बारावीच्या वर्षाबद्दल थोडेसे. बोर्ड आणि प्रवेश परीक्षांमुळे मुले आठ-दहा महिने मैदान सोडतात. सप्टेंबरच्या चाचणीत जो दिसतो तो अर्धवट गंजलेला गोली असतो. म्हणूनच त्याला अकरावीत पाहिलेले असले पाहिजे. जिल्हा आणि विभाग स्तरावरच्या शालेय स्पर्धा आपल्या शहराच्या आसपासच होतात, एकोणीस वर्षांखालील गटात हीच मुले खेळतात. कित्येकदा ती आपल्याच आवारातल्या कनिष्ठ महाविद्यालयाची असतात.

गोलरक्षक पिकायला वेळ लागतो, याला देशभर पाहिलेला दाखला आहे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीविरुद्ध भारत ५-४ ने पुढे असताना, सामना संपायला सहा सेकंद राहिलेले असताना, जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि भारताचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेशने तो अडवला. ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आले. त्याने वरिष्ठ संघात पदार्पण केले होते २००६ मध्ये. गोलरक्षणाकडे तो वळला तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत, कारण तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला गोलमध्ये उभे केले आणि त्याला वेळ दिला. महाराष्ट्रातही हे घडू शकते, किंबहुना घडले आहे: २०१७ मध्ये ढाक्यात आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे दोन्ही गोलरक्षक आपले होते, यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

निवड चाचणीच्या सूचनेत गोलरक्षकांसाठी वेगळा परिच्छेद असावा: वेळ, किट कोणाचे, चाचणीचे टप्पे. चाचणीचा निकाल लेखी आणि टप्प्यांनुसार मिळावा.

प्रत्येक निवड समितीत विद्यापीठ किंवा राज्य स्तरावर गोलमध्ये खेळलेली एक तरी व्यक्ती असावी. मुलींच्या समितीत ती शक्यतो महिला असावी. मानधन परवडत नसेल तर आम्ही विनामोबदला येऊ.

अठरा जणांत दोन गोलरक्षक असावेत. प्रवासखर्च वाचवण्यासाठी एकालाच नेण्याची पद्धत बंद करावी. एका मुलीचा गुडघा दुखावला की फुलबॅकला पॅड बांधून उभे करणे धोक्याचे आहे.

दोन मापांची पूर्ण किट, मुलींसाठी वेगळे छातीचे आणि ओटीपोटाचे गार्ड, आणि दर हंगामाआधी किटची तपासणी करून त्याची नोंद.

आठवड्यातून किमान दोन दिवस, तासभर, गोलरक्षकांचा स्वतंत्र सराव. संघाच्या सरावात शेवटी फटके खाणे हा गोलरक्षकाचा सराव नव्हे.

प्रवेशाआधी दिलेले प्रत्येक आश्वासन महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने.

आणि प्रत्येक महाविद्यालयाने यंदाच्या शालेय स्पर्धांना वही घेऊन एक माणूस पाठवावा. आमच्या जिल्ह्यांत अकरावी-बारावीत आज कोण कोण गोलमध्ये उभे आहे, कोणाच्या कोणत्या चुका सुधारायच्या राहिल्या आहेत, याच्या नोंदी आमच्याकडे तयार आहेत. मुलांच्या आणि पालकांच्या संमतीने त्या आपल्याला देऊ. विभागीय सामने सुरू होण्याआधी मागून घ्या.

आपले,
जिल्ह्याजिल्ह्यांतील ज्युनियर हॉकी गोलरक्षकांचे प्रशिक्षक